घरचीच पेशंट

दवाखान्याच्या गुरुवारच्या मीटिंगमध्ये बोलायचं की गप्प बसायचं, हे वच्छला भुयारला बुधवार संपत आला तरी ठरवता आलं नव्हतं. बोललं तर हाताखालच्या आचल सिस्टरची नोकरी जाईल, हे तिला दिसत होतं. नाही बोललं तर आपल्या लेकीचं जे झालं ते पुढं आणखी कुणाच्या तरी लेकीचं होईल, हेही दिसत होतं. सारी हयात त्याच दवाखान्यात काढलेल्या बाईला दोन्ही गोष्टी नीट ठाऊक होत्या, आणि ठाऊक असून काडीचा उपयोग नव्हता.

दवाखाना अकोल्यातला, एका संस्थेचा. वच्छला तिथं बाळंतपणाच्या विभागात नर्स. मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यात कापूस-तूर काढणाऱ्या चंद्रभानची ही थोरली पोरगी. बारावीनंतर तिला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा भावकीतल्या बायका म्हणाल्या होत्या, "काय बाप्पा, लोकायची घान काढाले पोट्टी धाडून राह्यला!" चंद्रभान बोलणारा माणूस नव्हता. त्यानं तिची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि तिला स्टेशनवर आणून सोडलं. तेव्हापासून ती अकोल्याची झाली. लग्नही इथंच झालं, एसटीच्या वर्कशॉपातल्या किशोर भुयारशी. दोघांना एकच मुलगी, आकांक्षा.

वॉर्डात वच्छलाचा दरारा होता. बाई बाळंत झाल्यानंतरचे पहिले दोन तास तिच्या मते सगळ्यात फसवे. बाळ रडलेलं असतं, कुणीतरी पेढे आणायला पळालेलं असतं, जो तो नाक बापाचं की आईचं यात गुंतलेला असतो. नेमकी याच वेळात गर्भाची पिशवी सैल पडली तर हसत-बोलत असलेली बाई बघता बघता रिती होते. म्हणून थोड्या थोड्या वेळानं पोटावर हात ठेवून पिशवी घट्ट आहे का ते बघायचं, कापड उचलून रक्त किती जातंय ते डोळ्यांनी पाहायचं, नाडी धरायची. नवीन आलेल्या पोरींना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची.

आणि तिचं खरं वैर होतं ते गोधड्यांशी. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आपल्याकडं डोक्याला फडकं, अंगावर गोधडी, तिच्यावर आणखी शाल. जाड गोधडीखाली कितीही रक्त गेलं तरी वरून काही कळत नाही. त्यामुळं पहिले दोन तास घरची गोधडी पलंगावर येऊ द्यायची नाही, म्हणजे नाही.

"अवं पन तिले हिव वाजून राह्यलं ना वं माय!" एखादी आजी दारात भांडायची.

"वाजू द्या आजी. आमची चादर आहे."

"ते चादर हाये का मच्छरदानी? कशी दगडाच्या कायजाची बाई हाये!"

"हाव, दगडाचीच आहे. चला, गोधडी घ्या अन् बाहेर बसा."

आजी शिव्या देत बाहेर बसायची आणि वच्छला हसत आत जायची.

पण या दवाखान्यात एक रीत होती. ती कुणी घालून दिली नव्हती, कुठं लिहिलेलीही नव्हती. काम करणाऱ्यांपैकी कुणाची बहीण, सून, भाची बाळंतपणाला आली की ती 'घरची पेशंट'. घरच्या पेशंटला खिडकीजवळचा पलंग. मनगटाला नावाची पट्टी बांधायची घाई नाही, कारण सगळे तिला ओळखतातच. नातेवाइकांना आत-बाहेर मोकळीक. येणारा-जाणारा प्रत्येकजण डोकावून विचारणार, "काय म्हन्ते, बरी आहे ना?" मोठ्या मायेची रीत होती ती. फक्त एक व्हायचं. घरच्या पेशंटला सगळेच पाहून जात, त्यामुळं अमुक एकानं तिला तपासायचं असं काही उरत नसे. वच्छलाच्या हे ध्यानात आलं होतं. एकदा तिनं मेट्रनबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "आता घरच्या माणसालाही नियम लावायचे का, वच्छलाताई? इतकं काय ते!"

तसं बोलून दाखवायला जागा होती. मागं दवाखान्याच्या तपासणीसाठी बाहेरून माणसं येणार होती, तेव्हा नर्सेसच्या चहाच्या खोलीत एक फलक लागला होता: 'चूक लपवू नका, चूक सांगा.' खाली एक पत्र्याचा डबा, त्याला कुलूप. काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, तर चिठ्ठी लिहून त्यात टाकायची.

"टाकायची, अन् दुसऱ्या दिवशी आपला मेमो घ्यायचा," आचल म्हणाली होती. आचल कंत्राटावरची, हाताला हलकी, जिभेला तिखट.

"नाव नाई लिहायचं ना पोरी," आशाबाई म्हणाली. आशाबाई वॉर्डातली मावशी, वच्छलाच्याच वयाची.

"मावशी, अक्षर तं माहं हाये. अन् ड्यूटीबी माहीच असन. मंग काय भूत येऊन चिठ्ठी टाकन?"

सगळ्या हसल्या. तपासणीची माणसं आली, डब्याचा फोटो काढून गेली. नंतर डब्याची किल्ली कुणाकडं आहे हेच कुणाला सांगता येईना, आणि आशाबाई त्यावर चहाची गाळणी वाळत ठेवू लागली.

आकांक्षाचं लग्न अमरावतीला झालं होतं. जावई गोपाल नांदगाव पेठेतल्या कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर. शांत पोरगा, सासूशी बोलताना मान वर करायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातवा लागल्यावर आकांक्षा अकोल्याला आली. तिच्या सासूबाईंचा, पौर्णिमाबाईंचा फोन आला, "आमाले काई फिकीर नाई बाप्पा. तुमचा तं दवाखानाच हाये. सख्खी माय सिस्टर, आनखी काय पाहिजे?"

वच्छलानं फोन ठेवला. ती किशोरला म्हणाली, "आपण आकांक्षाला दुसरीकडं नेऊ."

किशोर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. "काहून?"

"असंच."

"असंच म्हनजे? तुह्या दवाखान्यावर तुहाच भरोसा नाई? लोकायले काय सांगू, बायको दुसऱ्याच्या पोरी मोकळ्या करते अन् आपली पोरगी दुसरीकडं धाडते?"

तिला माणसांवर भरोसा होता. अनुपमा मॅडमसारखी डॉक्टर शोधून सापडणार नाही, आचलसारखी पोरगी मिळणार नाही. भरोसा नव्हता तो त्या मायेवर. पण हे नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगायचं ते तिला सुचलं नाही. शिवाय आकांक्षालाही तिथंच जायचं होतं. लहानपणी शाळा सुटल्यावर ती त्याच वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून पाढे पाठ करायची. "मले तिथं भीती नाई वाटत आई," ती म्हणाली. विषय संपला.

कळा सकाळी सुरू झाल्या. वच्छलानं त्या दिवसाची रजा टाकली होती, पण पाय सवयीनं लेबर रूमकडंच गेले. दारात अनुपमा मॅडमनी तिचे दोन्ही खांदे धरले.

"वच्छलाताई, तुम्ही बाहेर बसा."

"मॅडम, मी नुसती उभी राहते."

"तुम्ही उभ्या राहिलात तर ही पोरगी कळ द्यायची सोडून तुमच्याकडं बघत बसेल. आणि माझाही हात जड होतो. आज तुम्ही फक्त आई. आज सिस्टर नाही."

यात खोटं काही नव्हतं. वच्छलानं स्वतः कितीतरी आयांना याच शब्दांत बाहेर बसवलं होतं. ती बाकावर गोपालशेजारी जाऊन बसली. त्याला धीर देताना तिला आपलाच आवाज परका वाटला.

दुपार चढता चढता मुलगी झाली. सगळं सुरळीत. वच्छलाला आत बोलावलं, तिनं बाळाला पाहिलं, आकांक्षाच्या कपाळावरून हात फिरवला. नकळत तो हात पोटाकडंही गेला. पिशवी घट्ट होती. "झालं ना समाधान?" मॅडम हसल्या, "आता बाहेर. मला सिझरला जायचंय." आणि त्या ऑपरेशन थिएटरकडं गेल्या.

बाहेर येताना वच्छलानं हातातली कापडी थैली आशाबाईकडं दिली. थैलीत गोधडी होती. तिनं स्वतः, आईच्या जुन्या लुगड्यांची, आकांक्षाच्या बाळंतपणासाठी शिवलेली. "दोन तासांनी, वॉर्डात नेल्यावर घाल," असं ती म्हणाली की नाही, हे पुढं तिला कितीही आठवून सांगता येईना. म्हणायचं तिच्या मनात होतं, एवढं खरं.

आशाबाई आत गेली तेव्हा आकांक्षा लेबर रूमला लागूनच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर कुडकुडत होती. बाळंत झाल्यावर अंगात अशी थरथर येते, ती जातेही. दुसरी कुणी असती तर आशाबाईनं पातळ चादर घातली असती. पण ही घरची पोरगी, डोळ्यांदेखत मोठी झालेली. आशाबाईनं गोधडी काढली आणि गळ्यापासून पायापर्यंत नीट खोचून दिली. "निज माय आता," म्हणाली.

तेवढ्यात ड्यूटी बदलली. सकाळची सिस्टर घरी गेली, आचल आली. लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या आणखी दोन बाया होत्या, त्यातल्या एकीचं बीपी चढलेलं. आचल एकटी. जाणारीनं जाता जाता सांगितलं, "खिडकीजवळ वच्छलाताईची आकांक्षा. मस्त आहे. ताईंनी आताच पाहिलं." आचलनं खिडकीजवळ जाऊन पाहिलं. पोरगी गोधडीत गुरफटून पडलेली, उशाशी जावई, बाळ कुशीत. जावयासमोर ताईंच्या लेकीचे कपडे वर करायचे, हे तिला अवघड झालं. ताईंचा हात लागलाय म्हणजे काळजी नाही, थोड्या वेळानं पाहू, असं म्हणून ती बीपीवालीकडं वळली. त्या बाईला झटका येईल की काय अशी स्थिती होती, आणि तिला सोडून हलता येण्यासारखं नव्हतं.

वच्छला बाहेर बाकावर होती. दोनदा उठली, दोनदा बसली. आज सिस्टर नाही. आत आचल आहे, ती पाहत असणार. किशोर पेढे घेऊन आला, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तोंड गोड केलं. शेवटी ती आकांक्षाला चहा द्यायचं निमित्त करून आत गेली.

"काय म्हन्ते वं माही बाय?"

"झोप येऊन राह्यली आई," आकांक्षा म्हणाली आणि मोठी जांभई दिली. लगेच दुसरी. ओठ पांढरे.

गोपाल कौतुकानं म्हणाला, "थकली ती. मघापासून जांभयाच देऊन राह्यली."

वच्छलाच्या हातातला चहा कुठं पडला ते तिला कळलं नाही. तिनं गोधडीखाली हात घातला. गोधडी गरम होती, ओली होती, जड झाली होती.

"आचल!"

तो आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. मग सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं, फक्त उशिरा. वच्छला दोन्ही हातांनी पोट दाबत राहिली, आचल सुया भरत राहिली, मॅडम धावत आल्या. गोपाल रक्तपेढीकडं पळाला तो एका पायात चप्पल नसताना. मॅडमनी आकांक्षाला थिएटरमध्ये घेतलं आणि दार लावताना पुन्हा तेच म्हणाल्या, पण या वेळी डोळ्यांत पाणी होतं, "ताई, बाहेर थांबा."

बाहेर थांबण्याचं काम तिला कधी शिकवलंच नव्हतं कुणी.

आकांक्षा वाचली. गर्भाची पिशवी काढावी लागली. मॅडमनी हे वच्छलाला खुर्चीवर बसवून सांगितलं. "लवकर कळलं असतं तर पिशवी वाचली असती का, हे मी खरंच सांगू शकत नाही. कदाचित असती. कदाचित नसती." वच्छला मान हलवत राहिली. हे वाक्य तिनं दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकलं होतं तेव्हा तिला प्रामाणिक वाटलं होतं. आताही प्रामाणिकच होतं.

अमरावतीहून पौर्णिमाबाई आल्या. त्या वाईट काही बोलल्या नाहीत. नातीला मांडीवर घेतलं, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना दाराशी वच्छलाला एवढंच म्हणाल्या, "तुमी असून असं झालं?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता, नवल वाटत होतं.

आकांक्षा घरी आल्यावर एकदा म्हणाली, "आई, मले एक सांग. हे कोनाच्या चुकीनं झालं?"

"कोनाच्याच नाई बाई."

"मंग आपोआप झालं?"

वच्छला बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत राहिली.

महिन्याची मीटिंग गुरुवारी होती. तिच्यात आकांक्षाची केस येणार होती, पण कशी येणार हेही ठरलेलं होतं: असं कुणालाही होऊ शकतं, सगळे उपाय केले, बाई वाचली, पुढची केस. बुधवारी अनुपमा मॅडमनी वच्छलाला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्ही बोलू नका असं मी म्हणणार नाही, ताई. तुमची लेक आहे. पण बोललात तर ते कुणाला धरतील, ते तुम्हाला माहीत आहे."

"तुम्ही बोला ना मॅडम. तुम्ही बोललात तर वेगळं होईल."

मॅडमनी उठून केबिनचं दार लोटलं. "मागं मी दुपारच्या ड्यूटीला दोन सिस्टर मागितल्या होत्या. तेव्हा सचिव काय म्हणाले, आठवतं? 'मॅडम, तुम्हाला काम झेपत नाहीये का?'"

गुरुवारी सगळे जमले. संस्थेचे सचिव कमलाकांत सर मधोमध बसले होते. पेशानं वकील, आवाज मऊ, कुणाला कधी अरे-तुरे नाही. चहा आला, पोहे आले. आकांक्षाची केस वाचली गेली आणि सर म्हणाले, "देवाची कृपा, सिस्टरांची लेक सुखरूप आहे. पुढे जाऊ."

वच्छला उभी राहिली. ठरवून नाही. पुढे जाऊ म्हटलं, आणि ती उभी राहिली.

"सर, मला बोलायचंय. यात कुणी वाईट वागलं नाही. सगळ्यांनी मायाच केली. माझी पोरगी घरची म्हणून तिच्यावर गोधडी घातली. घरची म्हणून तिचं कापड उचलून कुणी पाहिलं नाही. घरची म्हणून मला बाहेर बसवलं. परकी असती तर तिला तपासलं असतं, सर. तेव्हा हे घरची पेशंट प्रकरण बंद करा. आणि दुपारच्या ड्यूटीला एकटी पोरगी ठेवू नका. एवढंच."

कमलाकांत सरांनी चष्मा काढून पुसला.

"तपासलं नाही, असं तुमचं म्हणणं आहे. त्या वेळी ड्यूटीवर कोण होतं?"

"मी नाव सांगायला उभी नाही राहिले, सर."

"पण प्रश्न तर येणारच ना, सिस्टर."

"मग माझं लिहा. गोधडी माझी होती. मीच आत दिली."

"तुमची रजा होती," सर अगदी आपुलकीनं म्हणाले. "रजेवरच्या माणसाला जबाबदार कसं धरणार? तुम्ही त्या दिवशी आई होता."

अनुपमा मॅडम म्हणाल्या, "सर, त्या वेळी मी सिझर करत होते. तिच्याकडे आणखी दोघी होत्या, त्यातली एक फार..."

"मॅडम, तुमच्याबद्दल कुणी काही म्हणालंच नाही."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आचल उभी राहिली होती. "मी होती सर ड्यूटीवर," ती म्हणाली. "मी नाई पाह्यलं."

"बसा," सर म्हणाले. "खरं बोललात, बरं वाटलं." आणि त्यांनी समोरच्या वहीत काहीतरी टिपलं.

वच्छला अजून उभीच होती. तिला वाटलं, आपण आता काहीतरी बोललं पाहिजे, जे बोलल्यानं मघाचं सगळं मागं घेता येईल, आणि तरी घेतलं जाणार नाही. आशाबाईनं तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.

आचलचं कंत्राट पुढं वाढलं नाही. काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही; वाढलं नाही, एवढंच. तिच्या जागी माणूस मिळेपर्यंत दुपारची लेबर रूम आणि वॉर्ड दोन्ही एकाच सिस्टरनं सांभाळायचं ठरलं. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना यापुढं सचिवांच्या परवानगीशिवाय दाखल करू नये, असा कागद भिंतीवर लागला. परवानगी घेऊन आलेली पहिली बाई सचिवांच्याच पुतण्याची बायको होती. तिला खिडकीजवळचा पलंग मिळाला. डोकावून जाणाऱ्यांत या वेळी संस्थेचे दोन सदस्यही होते.

आचल अमरावतीला निघाली त्या दिवशी वच्छला बसस्टँडवर गेली. तिनं डबा आणला होता, पोळ्या आणि कोरडं पिठलं. आचल बॅगेवर बसून होती. तिला पाहून उठली, नेहमीसारखी.

"ताई, तुमी काहून आल्या इतक्या उन्हाच्या?"

"कुठं मिळालं काम?"

"लहान दवाखाना हाये एक. एका डॉक्टरचा. डिलिव्हरीच जास्त."

"सोबत कोण?"

"एक पोट्टी हाये. शिकेल नाई, पन हाताखाली बरी हाये म्हन्ते." आचल हसली. "म्हनजे मीच इन्चार्ज. पाहा, बढती भेटली."

वच्छलाला हसता आलं नाही. "माझ्यामुळं झालं पोरी."

"नाई वो ताई. तुमी खोटं काय बोलल्या? मी नाई पाह्यलं ना. जवाई बसले होते, मले लाजच वाटली. तुमी मले शिकवलं, अन् तुमच्याच पोरीले..." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "फक्त आदल्या दिवशी मले सांगाले पाहिजे होतं. मी तुमच्या आधी उठली असती."

"चुकलं माझं."

"जाऊ द्या." बस लागली. आचलनं बॅग उचलली, डबा त्यात कोंबला. पायरीवर चढली आणि वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. वॉर्डात पेशंट सोपवताना जशी सांगायची, तशी ती सांगत होती. "ताई, एक मात्र मी शिकली. तथी काई चुकलं, तं मी कोनाले सांगनार नाई. डॉक्टरले नाई, कोनालेच नाई. चुपचाप निस्तरीन."

"असं नको करू आचल."

"मंग कसं करू?"

तिनं खरंच विचारलं होतं. कंडक्टरनं घंटी मारेपर्यंत ती दांडीला धरून, खाली वाकून, उत्तराची वाट पाहत होती. वच्छलानं तोंड उघडलं. दर नव्या पोरीला पहिल्या दिवशी सांगायची ती सगळी वाक्यं तिच्याजवळ होती. त्यातलं एकही बाहेर पडेना. बस हलली, आचल आत गेली.

वच्छला घरी आली. आकांक्षा दिवाणावर बसून बाळाला पाजत होती. शेजारी तिची बॅग भरलेली. गोपाल रविवारी न्यायला येणार होता.

"भेटली आचल?" तिनं विचारलं. "रागावली असन ना?"

"नाई रागावली."

"मंग काय म्हने?"

वच्छलानं चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट लावल्या. मग हात धुवायला मोरीकडं गेली आणि नळ सोडला.

"आई, काय म्हने वं ते?"

"काई नाई," वच्छला म्हणाली. "काईच नाई म्हने."